सेल्फची खरखर: आधी की नंतर?

“आवाज गाडी चालू व्हायच्या आधी येतोय, का चालू झाल्यावर?”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सेल्फ आणि डायनॅमो दुरुस्त करणाऱ्या मामांनी बॉनेट उघडण्याआधीच मला हा प्रश्न विचारला. मला उत्तर देता आलं नाही. तीन महिने मी तो आवाज रोज ऐकत होतो. किल्ली फिरवली की अधूनमधून बॉनेटखालून ‘खर्रर्र’ व्हायचं, फरशीवर लोखंडी कपाट ओढावं तसं, आणि पोटात गोळा यायचा. पण तो नेमका कोणत्या क्षणी येतो, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

“आता परत सेल्फ मारा, आणि कान इंजिनाकडं ठेवा,” मामा म्हणाले. मी किल्ली फिरवली. आधी खर्रर्र, मग ‘घुर्र घुर्र’ करत इंजिन फिरलं आणि चालू झालं. “आधी,” मी म्हणालो. “मग निम्मं काम झालं,” मामा म्हणाले.

त्या तीन महिन्यांत कुणाच्या तरी सांगण्यावरून माझी बॅटरी बदलून झाली होती. एका गॅरेजमध्ये सेल्फ काढून, ‘साफ करून’ परत बसवलाही होता. आवाज तसाच राहिला. तोवर एका छोट्या दातेरी चाकावर भागलं असतं ते दुखणं, ज्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो अशा मोठ्या रिंगपर्यंत पोचलं होतं. ही खरखर कुठून येते, ती काय सांगते आणि ती वेळेत ऐकली तर किती खर्च वाचतो, हे प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असायला हवं, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

इंजिन स्वतःहून उठत नाही

पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाची एक मूळची अडचण आहे. ते चालू असेल तर स्वतःला चालू ठेवतं, पण थांबलेलं असेल तर स्वतःहून उठत नाही. सिलिंडरमध्ये हवा-इंधन ओढायचं, ते दाबायचं आणि मग पेटवायचं, हा क्रम सुरू व्हायला कुणीतरी आधी क्रँक फिरवून द्यावी लागते. मिनिटाला साधारण दोनशे फेरे मिळाले की इंजिन पेट घेतं आणि पुढचं त्याचं ते बघतं.

पूर्वी हे काम माणसाचा हात करायचा. जुन्या जीपच्या आणि ॲम्बेसेडरच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ते गरकन फिरवणारा ड्रायव्हर आपल्या घरातल्या मोठ्यांनी पाहिलेला असतो. त्या कामात धोका होता. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मनगटावर बसायचं. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट प्रकारच्या मोडीला डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते या हँडलमुळेच.

हाताची ही जोखीम संपवली चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने. ओहायोतल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्याने दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवलं होतं. तिथे त्याच्या लक्षात आलं होतं, की मोटरला दिवसभर राबायचं नसेल, क्षणभरच जोर लावायचा असेल, तर लहानशी मोटरही तिच्या आकाराच्या मानाने प्रचंड ताकद देऊ शकते. हाच विचार त्याने मोटारीला लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला. आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो तो हाच. आजही त्याचा स्वभाव बदललेला नाही: थोडा वेळ, पण भरपूर जोर. म्हणूनच सेल्फ एका वेळी आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, आणि पुन्हा मारण्याआधी त्याला अर्धा-एक मिनिट निवू द्यावं.

किल्ली फिरते तेव्हा

इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. त्याच्या कडेला पोलादी दातेरी रिंग घट्ट बसवलेली असते. सेल्फच्या टोकाला त्याच मापाच्या दात्यांचं लहानसं चाक असतं, ते पिनियन. एरवी ही दोन्ही एकमेकांपासून दूर असतात. किल्ली फिरवल्यावर एका सेकंदाच्याही आत पुढची साखळी घडते.

बॅटरीचा करंट आधी सेल्फच्या पाठीवर बसवलेल्या सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्याच्या पोटात सरकणारा लोखंडी दांडा. वेटोळ्यात चुंबकत्व आलं की दांडा आत खेचला जातो. दांड्याला जोडलेला फोर्क पिनियनला पुढे ढकलतो आणि पिनियनचे दाते रिंगच्या दात्यांत शिरतात. दांडा शेवटपर्यंत गेला की त्याच्या मागच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड टर्मिनलांना जोडते आणि मोटरला भरपूर करंट मिळतो. छोट्या पेट्रोल गाडीत तो साधारण १०० ते २०० अँपिअर असतो, डिझेलमध्ये त्याहून जास्त. साध्या हॅलोजन बल्बच्या दोन हेडलाइट मिळून जेमतेम दहा अँपिअर घेतात, यावरून हा जोर केवढा ते कळेल.

यातला क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी दात्यात दाते, मग फिरणं. कधी दात्यासमोर नेमका दाताच येतो. त्यासाठीही सोय आहे. पिनियनमागची स्प्रिंग दबते, मोटर किंचित फिरते आणि पुढची खाच समोर आली की पिनियन आत सरकतं. ते सहज सरकावं म्हणून दात्यांच्या पुढच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात.

इंजिन चालू झाल्यावर दुसरा प्रश्न येतो. समजा पिनियनला ९ दाते आहेत आणि रिंगला १०८. म्हणजे रिंगच्या एका फेऱ्याला पिनियनचे बारा फेरे. सेल्फ इंजिनाला फिरवतो तोवर हे सोयीचं आहे, लहान मोटर मोठं इंजिन हलवू शकते. पण चालू झालेलं थंड इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेऊ लागलं, की तेच प्रमाण उलटतं आणि पिनियन मिनिटाला १४,४०० फेऱ्यांनी फिरवलं जातं. हा वेग थेट मोटरपर्यंत पोचला तर आतली आर्मेचर फाटून जाईल. म्हणून पिनियनमागे एका दिशेनेच जोर देणारा क्लच असतो. सायकलचं फ्रीव्हील कसं, पॅडल मारलं तर चाक फिरवतं आणि पाय थांबवले तर मोकळं सुटतं, तसंच हे. किल्ली सोडली की सोलेनॉइडची स्प्रिंग पिनियनला मागे ओढून घेते.

पिनियन आणि त्याचा हा क्लच मिळून जो भाग होतो, त्याला गॅरेजात ‘बेंडिक्स’ म्हणतात. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाच्या जुन्या रचनेत पिनियन आट्यांवरून स्वतःच्या जडत्वाने पुढे सरकायचं. रचना बदलली, पण नाव मेकॅनिकांच्या तोंडी कायम राहिलं.

खरखर म्हणजे या क्रमातली चूक. दाते नीट आत शिरण्याआधी फिरू लागले, किंवा बाहेर पडायच्या वेळी बाहेर पडले नाहीत, की पोलाद पोलादावर घासतं. म्हणून मामांचा प्रश्न ‘आधी की नंतर’ असा होता.

आधीची खरखर

इंजिन चालू होण्यापूर्वी, किल्ली फिरवताक्षणी येणारी खरखर म्हणजे दाते नीट आत शिरत नाहीत. त्याची कारणं थोडी आहेत, आणि स्वस्तातल्या कारणापासून तपासत जावं.

पहिलं कारण कमी पडणारा करंट. बॅटरी उतरलेली असेल, तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल किंवा इंजिनाची अर्थची तार ढिली असेल, तर सोलेनॉइड पिनियनला पुरेशा जोराने धरून ठेवू शकत नाही. अशा वेळी बहुतेकदा खरखरीपेक्षा ‘टकटकटक’ आवाज येतो, पण पिनियन अर्धवट आत-बाहेर होऊन दाते घासल्याचा आवाजही येतो.

दुसरं कारण सेल्फचे ढिले बोल्ट. सेल्फ बहुतेक गाड्यांत दोन किंवा तीन बोल्टांवर बसतो. त्यातला एक जरी सैल झाला तर जोर लागताच सेल्फ किंचित वाकडा होतो. पिनियन आणि रिंग एकमेकांना समांतर राहत नाहीत आणि दाते टोकावर टोक घासू लागतात. सेल्फ बसतो त्या पृष्ठभागावर माती किंवा गंज राहिला तरीही हेच होतं.

तिसरं कारण अडकणारा बेंडिक्स. क्लच प्लेटची झिजून पडणारी पूड फ्लायव्हीलभोवतीच्या आवरणात, म्हणजे बेल हाउसिंगमध्ये, साठते. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल गळत असेल तर पूड आणि तेल मिळून काळा चिखल होतो, आणि तो पिनियनच्या शाफ्टवर बसतो. पिनियन पुढे सरकतं, पण उशिरा आणि अर्धवट.

चौथं कारण झिजलेले दाते, पिनियनचे, रिंगचे किंवा दोन्हींचे. पहिली तीन कारणं दुर्लक्षित राहिली की शेवटी गाडी इथेच पोचते.

याच्याच जवळचा, पण वेगळा आवाज म्हणजे ‘घूंऽऽ’. मोटर जोरात फिरते, इंजिन मात्र हलत नाही. इथे दाते घासत नाहीत. एकतर पिनियन पुढे गेलेलंच नसतं किंवा बेंडिक्सचा क्लच घसरतो आहे. सेल्फ उतरवून बेंडिक्स तपासला की याचा उलगडा होतो.

नंतरची खरखर

इंजिन चालू झाल्यावर क्षणभर किंवा त्याहून जास्त वेळ खरखर येत असेल, तर पिनियन वेळेवर मागे येत नाही.

सर्वांत साधं कारण आपला हात. इंजिन चालू झालं तरी किल्ली धरूनच ठेवण्याची सवय अनेकांना असते. आजकालची इंजिनं शांत असतात. रेडिओ लावलेला असला, काचा बंद असल्या, की चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारला जातो. मग जो आवाज येतो तो रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जातो. एकदा झालं तर बहुधा काही बिघडत नाही, पण रोजचं झालं तर रिंग खाल्ली जाते. बटनाच्या गाड्यांत संगणक इंजिनाचे फेरे मोजतो आणि चालू इंजिनावर सेल्फ लागू देत नाही. त्यामुळे त्या गाड्यांत ही खरखर आली तर दोष हाताचा नाही, यंत्राचा समजावा.

हात निर्दोष असेल तर तीन जागा बघायच्या: किल्लीचं स्विच परत मागे फिरतं का, सेल्फचा रिले चिकटलेला नाही ना, आणि सोलेनॉइडची किंवा बेंडिक्सची हालचाल मोकळी आहे का. किल्ली सोडूनही सेल्फ फिरतच राहिला तर ते धोक्याचं आहे. इंजिन लगेच बंद करावं. तरी सेल्फ थांबत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. अडकलेला सेल्फ काही मिनिटांत तापून तारांना आग लावू शकतो.

कधी येतो, कधी येत नाही

सर्वांत गोंधळात टाकणारी खरखर म्हणजे लहरी. चार वेळा गाडी गुपचूप चालू होते आणि पाचव्या वेळी ओरडते. माझं असंच होतं. मामांनी समजावलेलं यामागचं कारण मला फार सुंदर वाटलं.

बंद केल्यावर इंजिन वाटेल त्या जागी थांबत नाही. शेवटच्या फेऱ्यात कुठलातरी सिलिंडर हवा दाबायला लागतो, ती दाबण्याइतका जोर उरलेला नसतो, आणि क्रँक तिथेच अडते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर हवा दाबतो. म्हणून फ्लायव्हील बहुतेक वेळा दोनच ठिकाणी, समोरासमोरच्या बाजूंना थांबतं. तीन सिलिंडरच्या गाडीत अशा तीन जागा येतात. याचा अर्थ असा, की शंभराहून जास्त दात्यांपैकी रोजचा मारा मोजक्याच दात्यांवर पडतो. ते झिजतात आणि बाकीचे कोरे राहतात.

यावरून घरच्या घरी एक चाचणी करता येते. मॅन्युअल गिअरची गाडी सपाट जागेवर आहे, खरखर आली आणि सेल्फ शिरला नाही, तर इग्निशन बंद करा. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून, बाहेरून दोघांनी गाडी फूटभर ढकला. त्याबरोबर क्रँक आणि फ्लायव्हील थोडं फिरतं. पुन्हा हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलमध्ये आणा आणि सेल्फ मारा. आता आवाज न येता इंजिन चालू झालं, तर रिंगच्या ठरावीक जागेवरचे दाते झिजले आहेत असा दाट संशय घ्यायला हरकत नाही.

फसवे आवाज

सकाळचा प्रत्येक कर्कश आवाज सेल्फचा नसतो. चालू होताच ‘चींऽऽ’ करत वर जाणारा आवाज बहुधा सैल किंवा ओल्या बेल्टचा असतो. पहिल्या एक-दोन सेकंदांत धातूची खडखड येऊन थांबत असेल, तर वरच्या भागांपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो आहे किंवा टायमिंग चेन ढिली झाली आहे. त्या वेळी ऑइलची पातळी आणि शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं ते आधी बघावं. सायलेन्सरवरचा पत्रा सुटला की इंजिन थरथरताना पत्र्याचा झणझण आवाज येतो. आणि आवाज क्लच दाबल्यावर बदलत असेल तर दोष रिलीज बेअरिंगकडे जातो. आता अनेक गाड्या क्लच दाबल्याशिवाय चालूच होत नाहीत, म्हणून चालू झाल्यावर क्लच सावकाश सोडून-दाबून आवाज बदलतो का, ते ऐकून घ्यावं.

मोजून बघा, मग पैसे काढा

बॅटरी बदलण्याआधी ती मोजायला हवी होती, हे मला फार उशिरा कळलं. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. तो १२ पर्यंत आला असेल तर बॅटरी बरीच उतरलेली आहे. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी मीटर बघावा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी किंवा सेल्फ यांपैकी एक नक्की दमलेला आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले म्हणजे अल्टरनेटर, गॅरेजच्या भाषेत डायनॅमो, बॅटरी भरतो आहे.

तारांचीही परीक्षा याच मीटरने होते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर एक टोक आणि सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर दुसरं ठेवून सेल्फ मारला, तर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसू नये. दिसला तर तेवढा जोर वाटेतच हरवतो आहे, आणि तार, लग किंवा टर्मिनल साफ करून कसलं की दुरुस्ती झाली. हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर हवी, ओढणी किंवा सैल बाही बेल्टपासून लांब हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीच शिरू नये.

सेल्फ उतरवून बघणं हे मात्र मेकॅनिकचं काम. मामांनी ते करताना पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, मग सेल्फची. “पॉझिटिव्हला पाना लागला आणि बॉडीला टेकला तर वेल्डिंग होतंय,” ते म्हणाले. सेल्फचा वरचा बोल्ट त्यांच्या पान्याला न अडखळता, जवळजवळ हातानेच फिरला. तो बाहेर आला तेव्हा बोल्टाच्या भोकाभोवतीच्या पृष्ठभागावर चकचकीत घासलेली खूण होती. आधीच्या गॅरेजात ‘साफ करून’ बसवतानाही तो पुरेसा कसला नव्हता.

मग त्यांनी पिनियन माझ्या हातावर ठेवलं. लिंबाएवढं ते पोलाद चांगलं जड लागत होतं. दात्यांच्या पुढच्या कडा उंदराने कुरतडलेल्या खोबऱ्यासारख्या ओबडधोबड झाल्या होत्या. “बोटांनी फिरवा,” ते म्हणाले. एका बाजूला ते मोकळं फिरलं, दुसऱ्या बाजूला ताबडतोब अडकलं. म्हणजे क्लच धड होता. दोष दात्यांत होता. सेल्फच्या मोकळ्या भोकातून विजेरीचा प्रकाश टाकून त्यांनी गाडी गिअरमध्ये ढकलायला लावली. रिंग हळूहळू फिरत समोरून जात राहिली. स्वच्छ दाते, स्वच्छ दाते, आणि मग बोटभर अंतरात सगळे दाते गोलाकार, चमकणारे. आणखी अर्धा फेरा झाला आणि तसाच दुसरा पट्टा दिसला. दोन पट्टे, समोरासमोर, जसं त्यांनी सांगितलं होतं तसेच.

काय बदलायचं

पिनियन एकटंच खराब असेल तर बेंडिक्स बदलून काम भागतं. सेल्फ उतरवून तो पुन्हा बसवायला चांगल्या मेकॅनिकला काही तासच लागतात. त्याच वेळी सेल्फचे कार्बन, पितळी बुश आणि सोलेनॉइडची चकती बघून घ्यावी. शाफ्ट कोरड्या फडक्याने पुसावा. तिथे भरपूर ग्रीस लावणं ही चूक आहे, कारण क्लचची पूड त्याला चिकटते आणि पुन्हा तोच काळा चिखल तयार होतो. कंपनीने सांगितलं असेल तिथेच आणि तेवढंच ग्रीस लावावं. बसवताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, आणि बोल्ट ठरवून दिलेल्या जोराने कसलेले हवेत.

रिंग खराब असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. फ्लायव्हीलवर रिंग तापवून बसवलेली असते. रिंग एकसारखी साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की ती प्रसरण पावते. फ्लायव्हीलवर ठेवून निवली की आवळून बसते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो ती पद्धत आणि ही एकच. फरक इतकाच, की इथे गॅसच्या ज्योतीने रिंग एका जागी लाल करू नये. तशाने दात्यांना दिलेलं पाणी उतरतं आणि नवी रिंगही लवकर झिजते. काही गाड्यांत रिंग सुटी मिळत नाही, संपूर्ण फ्लायव्हील बदलावं लागतं. ऑटोमॅटिक गाडीत तिथे फ्लेक्सप्लेट नावाची पातळ चकती असते.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. झिजलेल्या रिंगवर नवं पिनियन घातलं तर तेही काही महिन्यांत खराब होतं, म्हणून रिंग विजेरीने बघितल्याशिवाय बेंडिक्स बदलू नये. आणि गिअरबॉक्स खाली आलाच असेल तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी बघून घ्यावं. उतरवण्या-चढवण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही.

दरम्यान गाडी अडून बसली तर मॅन्युअल गाडीला धक्का मारून चालू करता येतं. इग्निशन चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, वेग आल्यावर क्लच सोडायचा. तेव्हा चाकं इंजिनाला फिरवतात आणि सेल्फ लागतच नाही. गॅरेजपर्यंत जायला ही सोय पुरते. ऑटोमॅटिक गाडीला ती चालत नाही.

पावसाळा आणि कोकणची हवा

सेल्फ बहुतेक गाड्यांत खाली, गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसलेला असतो. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की ते पाणी सेल्फच्या अंगावर येतं. समुद्रकाठच्या खारट हवेत तर गंज आणखी लवकर धरतो. पावसाळ्यानंतर अडकू लागलेला बेंडिक्स हे रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या गॅरेजांचं ओळखीचं काम आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीला सेल्फ मारून बघायचा मोह कधीही होऊ देऊ नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही. सेल्फचा जोर आत अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी टोइंग, मग तपासणी, हाच क्रम.

नव्या गाड्यांत ही दातेरी भेटच टाळायचे प्रयत्न चालू आहेत. २०२० च्या ॲक्टिव्हा ६जी स्कूटरमध्ये क्रँकवर बसलेलं जनित्रच मोटर बनून इंजिन फिरवतं. दाते दात्यांत शिरतच नाहीत, म्हणून ती इतकी गुपचूप चालू होते. पण रस्त्यावरच्या बहुतेक चारचाकी गाड्यांत अजून तेच पिनियन आणि तीच रिंग आहे, आणि ती अजून बरीच वर्षं राहतील.

म्हणून पुढच्या वेळी किल्ली फिरवताना रेडिओ बंद ठेवा, काच खाली करा आणि ऐका. गॅरेजात गेल्यावर ‘सुरू करताना आवाज येतो’ एवढंच सांगू नका. खरखर इंजिन पेटायच्या आधी येते की नंतर, रोज येते की कधीमधी, गाडी थोडी ढकलल्यावर जाते का, आणि सेल्फ मारताना मीटर किती व्होल्ट दाखवतो, हे चार मुद्दे सांगा. पहिल्याच आठवड्यात मी हे सांगू शकलो असतो, तर एक सैल बोल्ट कसून माझं काम झालं असतं.